प्रभूच्या मेजाशी योग्य कोण?

वडोदऱ्यातील एका भगिनीचा प्रश्न असा आहे. घराच्या वाटणीवरून त्यांचे जावेशी बोलणे बंद झाले असून दोघीही एकाच मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये, उपासनेला येतात. अयोग्य प्रकारे भाकर खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात वाचल्यापासून त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व प्याला घेण्याचा विधी, घेणे सोडले आहे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी उपदेश संपताच त्या उठून जातात. हे बरोबर आहे का, आणि मुळात त्या भाकरीने व प्याल्याने आपल्या आत्म्याला नेमके काय मिळते, असे त्या विचारतात. जोडीला आणखी दोन शंका आहेत. गुजरातेत दारूबंदी असल्याने आपण मनुकांचा रस वापरतो, तो चालतो का? आणि हिंदू घरातून आलेली त्यांची सून विचारते, "हा प्रसादच ना, मग मला का मिळत नाही?", तिला काय सांगावे?

ताई, आधी थेट उत्तर देतो आणि मग कारणे मांडतो. ज्या वचनाच्या धाकाने तुम्ही मेजापासून दूर राहता, त्या वचनात ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल मनाने खचलेल्या, स्वतःचे पाप टोचत असलेल्या माणसाला दटावत नाही. भावंडे उपाशी असताना स्वतःचे ताट पुढे ओढून जेवणाऱ्यांना तो दटावतो. म्हणून "मी अयोग्य आहे" एवढ्या कारणासाठी तुम्ही उठून जाऊ नये. मात्र जावेशी असलेल्या अबोल्याचा या मेजाशी काही संबंध नाही, असेही मी म्हणणार नाही. संबंध आहे, आणि तो तुम्ही समजता त्याहून जवळचा आहे. प्रभुभोजनात आपण ख्रिस्ताशी जोडले जातो आणि त्याच घासाने त्याच्या शरीराच्या इतर अवयवांशीही जोडले जातो; यांतले एक ठेवून दुसरे सोडता येत नाही. या विधीविषयी मला जे काही सांगायचे आहे ते सारे याच एका गोष्टीत आहे.

प्रथम त्या रात्रीकडे पाहू या. येशू धरला गेला त्या रात्री तो शिष्यांबरोबर जेवायला बसला होता, आणि मत्तय, मार्क व लूक यांच्या सांगण्याप्रमाणे ते वल्हांडणाचे भोजन होते. मिसर देशाच्या गुलामगिरीतून देवाने सोडवले त्या रात्रीची आठवण म्हणून यहूदी कुटुंबे दरवर्षी बेखमीर भाकर खात, आणि त्या आठवणीची त्यांची रीत आपण नीट समजून घेतली पाहिजे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहूदी नियमसंग्रहात असे सांगितले आहे की प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो आहोत असे मानावे. पूर्वजांची सुटका झाली, ही माहिती जपून ठेवण्यापुरते ते भोजन नव्हते. त्या पंगतीला बसलेला मुलगा स्वतः सुटलेल्यांपैकी एक होत असे. "माझ्या स्मरणार्थ हे करा" असे येशू म्हणाला ते अशा स्मरणात वाढलेल्या माणसांना उद्देशून म्हणाला. त्यामुळे "आपण तर नुसती आठवण करतो" असे आपल्यातले काही जण म्हणतात तेव्हा त्यांच्या त्या "नुसती" या शब्दाला माझी हरकत आहे. पहिल्या रविवारी आपण कालवरीच्या टेकडीविषयीचा एक प्रसंग आठवत नसतो. त्या क्रुसाने जे मिळाले त्यात आपला वाटा आज, या बाकावर बसलेले असताना, आपल्या हाती येत असतो.

त्याच भोजनात त्याने प्याला घेऊन "माझ्या रक्तातला नवा करार" असे म्हटले. हे शब्द जुन्या करारातून आले आहेत. निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायात मोशेने यज्ञपशूंचे रक्त लोकांवर शिंपडून "हे कराराचे रक्त" असे म्हटले, आणि त्यानंतर इस्राएलाचे वडील पर्वतावर चढले. पुढचे वाक्य मला नेहमी थांबवून ठेवते: त्यांनी देवाला पाहिले, आणि त्यांनी खाणेपिणे केले. करार झाला की दोन्ही पक्ष एका पंगतीला बसतात, ही रीत आपल्याकडेही अनोळखी नाही. यिर्मयाने एकतिसाव्या अध्यायात ज्या नव्या कराराचे वचन दिले, त्यात देव नियम दगडावर न लिहिता माणसाच्या हृदयावर लिहितो आणि "त्यांचे पाप मी यापुढे आठवणार नाही" असे म्हणतो. तो करार येशूने आपल्या मरणाने पक्का केला आणि त्याची पंगत आपल्यासाठी मांडून ठेवली. ताई, हे लक्षात घ्या की पापक्षमा हा या कराराचा मजकूरच आहे. पाप आठवले म्हणून या कराराच्या भोजनातून उठून जायचे असेल, तर हे भोजन कोणासाठी मांडले आहे?

भाकरीत आणि प्याल्यात ख्रिस्त कसा असतो, यावर मंडळ्यांमध्ये मोठे मतभेद झाले आणि ते आजही संपलेले नाहीत. कॅथलिक मंडळी असे मानते की भाकर व द्राक्षारस यांचे बाह्य गुण तसेच राहून त्यांचे सत्त्व ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात पालटते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेत ही भाषा वापरली गेली आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती ठामपणे मांडली. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबर्ग येथे प्रोटेस्टंट सुधारणेचे पुढारी लूथर आणि झ्विंगली समोरासमोर बसले, जवळजवळ सर्व मुद्द्यांवर त्यांचे जमले, पण "हे माझे शरीर आहे" या वाक्यावर गाडी अडली. लूथर त्या वाक्याला अक्षरशः धरून राहिले, तर झ्विंगलींच्या मते भाकर शरीराची खूण होती. त्याच सुधारणेतल्या कॅल्व्हिन यांनी शिकवले की पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने विश्वासणारा खरोखर ख्रिस्ताचे पोषण घेतो. मी मेथडिस्ट परंपरेत वाढलो. ती सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली या बंधूंनी १७४५ मध्ये प्रभुभोजनावर १६६ गीतांचा संग्रह काढला, आणि त्यांचा कल असा होता की ख्रिस्त येथे खरोखर भेटतो, मात्र कसा भेटतो हे मोजायला आपण बसू नये. मलाही तेच पटते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल विचारतो की जो आशीर्वादाचा प्याला आपण आशीर्वादित करतो, तो ख्रिस्ताच्या रक्तात सहभागी होणे आहे की नाही. त्याला या प्रश्नाचे उत्तर "होय" असेच अपेक्षित आहे. त्या होकारावर उभे राहून मी सेवा केली आहे आणि त्यापलीकडच्या वादात मला माणसे घडताना दिसलेली नाहीत.

पौल मात्र तिथे थांबत नाही, आणि लोक नेमके तिथेच वाचायचे थांबतात. लगेच पुढच्या ओवीत तो म्हणतो की भाकर एक आहे, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, कारण आपण सर्व त्या एका भाकरीचे भागीदार आहोत. म्हणजे भाकर घेताना जसा ख्रिस्त मिळतो, तशी शेजारच्या बाकावरची माणसेही मिळतात, आपण निवडलेली असोत वा नसोत. प्रेषितांनंतरच्या पहिल्या पिढ्यांत लिहिल्या गेलेल्या दिदाखे या ग्रंथात भाकरीवर म्हणायची एक प्रार्थना आहे: ही मोडलेली भाकर जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून तुझ्या राज्यात गोळा होवो. दाणे दळले जातात, मळले जातात, भाजले जातात, आणि मग कोणता दाणा कोणाच्या शेतातला होता हे सांगता येत नाही. याच कारणासाठी, जिथे माझे ऐकले गेले तिथे मी पावाचे आधीच कापून ठेवलेले चौकोनी तुकडे ताटात मांडू दिले नाहीत. भाकर अखंड यावी आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत मोडली जावी. मोडण्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही, पण मोडताना हात वर झालेले दिसतात, आणि आपल्याला मिळालेला घास कशातून निघाला हे प्रत्येकाला कळते.

आता ज्या मंडळीला ते पत्र लिहिले तिच्या शहराकडे, ग्रीसमधल्या करिंथकडे येतो. रोमनांनी इसवी सनापूर्वी १४६ मध्ये उद्ध्वस्त केलेले हे शहर ज्यूलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये पुन्हा वसवले, आणि तिथे बंधमुक्त झालेल्या गुलामांना मोठ्या संख्येने आणून बसवले. दोन बंदरांमधल्या व्यापाराने पैसा आला, आणि पैशाबरोबर वरच्या-खालच्याची जाणीवही तीव्र झाली. पौल तिथे दीड वर्ष राहिला आणि त्याच्यामागे तिथल्या मंडळीत श्रीमंत घरमालक व राबणारे गुलाम एकत्र आले. त्या काळी चर्चची इमारत नव्हती. मंडळी एखाद्या ऐपतदार विश्वासणाऱ्याच्या घरी जमत असे. रोमन घरातल्या जेवणाच्या दालनात तीन बैठका आणि त्यांवर साधारण नऊ माणसे रेलून बसतील एवढी जागा असे, बाकीच्यांना अंगणात बसावे लागे. रविवार हा सुट्टीचा दिवस नव्हता, कारण रविवारच्या विश्रांतीचा कायदा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये केला. मालक व त्यांचे मित्र लवकर येत, उत्तम अन्न खाऊन, पिऊन तृप्त होत. मालकाचे काम उरकून अंधार पडल्यावर येणाऱ्या गुलामाला रिकामी भांडी दिसत. त्यानंतर सर्व मिळून प्रभूची भाकर मोडत.

पौलाला राग येतो तो या दृश्याचा. "एक भुकेला राहतो तर एक मस्त होतो", "ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय?" हे त्याचे शब्द आहेत, आणि याच रागातून पुढे "अयोग्य प्रकारे" खाण्याविषयीचे ते वचन येते. "अयोग्य प्रकारे" हे खाण्याच्या रीतीविषयी आहे. खाणारा योग्यतेचा आहे का, हा प्रश्न तिथे नाही. शरीर न ओळखता जो खातो तो दंड ओढवून घेतो, असे तो म्हणतो तेव्हा भाकरीत मिळणारे ख्रिस्ताचे शरीर आणि बाहेर अंगणात उपाशी बसलेले ख्रिस्ताचे शरीर, दोन्ही त्याच्या मनात आहेत असे मी मानतो, कारण पुढच्याच अध्यायात डोळा हाताला "मला तुझी गरज नाही" असे म्हणू शकत नाही, हे तो विस्ताराने सांगतो. आणि त्याने उपाय काय सांगितला? ज्यांचे मन खात आहे त्यांनी येऊ नये, असे तो म्हणत नाही. "तुम्ही भोजनास एकत्र जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा" असे तो सांगतो. आत्मपरीक्षणाचे वचनही पूर्ण वाचावे: माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. परीक्षा करून उठून जावे, असे तिथे लिहिलेले नाही.

शरीर न ओळखणे म्हणजे काय, याचे उदाहरण शोधायला आपल्याला करिंथपर्यंत जाण्याची गरज नाही. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या संस्थानात नोकरीसाठी वडोदऱ्याला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात ते ओळख लपवून राहिले आणि तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना हुसकावले. मग ते दोन मित्रांकडे गेले, आणि तो अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. एक मित्र हिंदू होता; तुम्ही राहिलात तर माझे नोकर जातील, असे तो म्हणाला. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल, असे त्याने सांगितले. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते. ख्रिस्ती झाल्यावर पती विचाराने उदार झाला असला तरी पत्नीची जुनी रीत सुटलेली नव्हती आणि अस्पृश्याला तिने घरात ठेवून घेतले नसते, हे बाबासाहेबांना ठाऊक होते. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कामाटीबागेत काढले. त्या बागेत आज या घटनेची आठवण जपणारी संकल्पभूमी आहे. ते घर प्रभुभोजन घेणारे होते की नाही हे बाबासाहेबांनी लिहिलेले नाही, आणि त्या कुटुंबाचा न्याय करण्यासाठी मी हे सांगत नाही. पण ख्रिस्ती नाव लावलेल्या घराच्या उंबऱ्यावर, आपल्याच गावात, हे घडले, आणि आपल्या मंडळीत आजही लग्न जुळवताना "मूळचे कोण?" असे हळूच विचारले जाते. मेजाशी एक घास आणि मेजापासून उठल्यावर वेगळा हिशेब, हीच ती अयोग्य रीत.

हा प्रश्न भारतातल्या मंडळ्यांमध्ये उघडपणे लढला गेला, ही गोष्ट आपल्या तरुणांना क्वचितच सांगितली जाते. तंजावर व मद्रासकडील मंडळ्यांत वेगवेगळ्या जातींचे लोक वेगवेगळे बसत आणि प्रभुभोजनही वेगवेगळे घेत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्रक काढून जातिभेद निश्चितपणे, तात्काळ आणि कायमचा सोडण्याची आज्ञा केली. काहींनी ती मानली, काहींनी चर्च सोडले. माझ्या मते विल्सन यांनी पौलाला अगदी बरोबर वाचले होते.

आता तुमच्या भीतीविषयी. पहिल्या प्रभुभोजनाला कोण कोण बसले होते ते मोजून पाहा. पेत्र होता, जो काही तासांतच "मी त्याला ओळखत नाही" असे म्हणणार होता. आपल्यात मोठा कोण, यावर त्याच मेजाशी वाद झाल्याचे लूक सांगतो. आणि लूकच्याच क्रमाप्रमाणे भाकर व प्याला दिल्यावर येशू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. हे सारे माहीत असून त्याने भाकर मोडली आणि दिली. आपल्या उपासनेत भाकर घेण्यापूर्वी आपण म्हणतो की प्रभू, तुझ्या मेजाखाली पडलेला चुरा वेचण्याचीही आमची योग्यता नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये रचलेली ही प्रार्थना आहे, आणि ती म्हणूनच आपण पुढे जातो. अयोग्यतेची कबुली ही मेजाकडे जाण्याची वाट आहे, आणि तुम्ही तिलाच अडथळा समजत आहात. जॉन वेस्ली यांनी १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रवचनात नेमका हाच आक्षेप घेऊन उत्तर दिले आहे: देवाच्या कोणत्याच दयेला तुम्ही योग्य नाही, मग सगळीच दया नाकारणार का? पौलाचे वचन करिंथच्या बेशिस्त जेवणाविषयी आहे, हेही ते तिथे स्पष्ट करतात. अशी कितीतरी माणसे मी पाहिली आहेत, बहुतेक वेळा मंडळीतली सर्वांत हळव्या मनाची, जी या एका वचनाच्या धास्तीने उपाशी राहिली, तर ज्यांनी खरोखर थांबून विचार करायला हवा होता ती निर्धास्तपणे पुढे येत राहिली.

तरीही तुम्ही मला मत्तयाचा पाचवा अध्याय दाखवाल, आणि दाखवावा. वेदीपाशी अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर, असे येशू म्हणतो. या आज्ञेत तीन क्रियापदे आहेत: जा, समेट कर, ये. अर्पण वेदीपाशीच ठेवलेले आहे, म्हणजे परत येणे गृहीत धरलेले आहे. तुम्ही उपदेश संपताच दाराबाहेर पडता तेव्हा जावेकडे जात नाही, घरी जाता. त्यामुळे या आज्ञेचे पहिले पाऊलही पडत नाही आणि तिसरेही पडत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. येत्या पहिल्या रविवारच्या आधी तुम्ही स्वतः जावेच्या घरी जा. वाटणीची कागदपत्रे, कोणाची खोली, कोणाचे दागिने, हा विषय त्या दिवशी काढू नका. त्याचा निकाल घरातल्या वडीलधाऱ्यांकडून किंवा वकिलाकडून स्वतंत्रपणे लागू द्या, कारण समेट म्हणजे आपला न्याय्य हिस्सा सोडून देणे असा अर्थ कोणी तुमच्यावर लादू नये. तुम्ही एवढेच सांगा की माझ्या मनात तुमच्याविषयी जे कडू साठले आहे ते मला प्रभूच्या मेजाशी न्यायचे नाही, माझ्या बोलण्याने तुम्ही दुखावलात त्याची मी क्षमा मागते. त्यांनी दार लावून घेतले, तरी पौल रोमकरांस लिहितो ते तुमच्याकडून पुरे झाले: शक्य असेल, तर तुमच्याकडून होईल तितके सर्वांशी शांतीने राहा. "तुमच्याकडून होईल तितके" ही मर्यादा त्याने जाणूनबुजून घातली आहे. त्यानंतर तुम्ही मेजाशी या. जाऊबाई मेजासमोरच्या त्याच कठड्यापाशी गुडघे टेकून बसल्या असतील तर दूरची जागा शोधू नका. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये नव्या विश्वासणाऱ्यांना शिकवत की डावा हात उजव्याखाली सिंहासनासारखा धरावा आणि त्या तळव्यावर प्रभूला स्वीकारावे. आजही आपण तसेच हात पुढे करतो. एका हातावर दुसरा ठेवलेला असताना त्यांत दुसरे काही धरता येत नाही, आणि शेजारच्या बाईचे हातही तेवढेच रिकामे असतात, हे त्या क्षणी बघायला मिळते.

पहिल्या काही रविवारी तुम्हाला काहीच जाणवणार नाही, किंवा नुसता संकोच जाणवेल. त्यावरून देवाने काही दिले नाही असा निष्कर्ष काढू नका. अन्न चव लागली तरच अंगी लागते असे नसते. नियमित येत राहा.

मनुकांच्या रसाविषयी थोडक्यात सांगतो. येशूच्या प्याल्यात आंबवलेला द्राक्षारस होता याविषयी मला शंका नाही. कॅथलिक मंडळीचा नियम द्राक्षांपासून झालेल्या अस्सल वाइनचा आहे, आणि दारूबंदीच्या कायद्यात धार्मिक विधीसाठी तशी मुभा ठेवलेली आहे. मेथडिस्ट मंडळ्यांत न आंबवलेला रस वापरण्याची रीत एकोणिसाव्या शतकातल्या व्यसनमुक्तीच्या चळवळीतून आली. १८६९ मध्ये अमेरिकेतील थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्यांनी द्राक्षरस तापवून तो आंबू न देण्याची पद्धत याच कामासाठी वापरली. ज्या घरात दारूने संसार मोडला आहे त्या घरातला माणूसही निर्भयपणे पुढे येऊ शकावा, हे त्यामागचे कारण मला आजही पुरेसे वाटते. आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी भगिनी काळ्या मनुकांचे देठ काढतात, त्या कोमट पाण्यात फुगू देतात, मंद आचेवर उकळून हाताने कुस्करतात आणि पातळ सुती फडक्यातून दोनदा गाळतात, कारण बियांचा कोंडा प्याल्यात राहिला तर तो घशाला लागतो. रस गडद, किंचित तुरट होतो. साखर घालत नाहीत. तो द्राक्षवेलाचाच उपज आहे, त्यामुळे मनात किंतु ठेवू नका. उलट या कामाची पाळी जावेबरोबर आली तर बदलून मागू नका.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती याच अर्थाची आहे. इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकांनी रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले, त्यात जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकर घेऊन जातात असे नमूद आहे. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध बंधूंकडे, बाबाजीपुऱ्यातल्या वाड्याच्या माडीवर, मी मेजावरची भाकर घेऊन जात असे. त्यांना गिळता येत नसे, म्हणून कणभर भाकर रसात भिजवून चमच्याच्या टोकाने जिभेवर ठेवावी लागे आणि घास उतरेपर्यंत मुलगी त्यांची हनुवटी हाताने सावरून धरत असे. ते नेहमी एकच खूण करून विचारत: बोटाने भाकरीकडे, मग खिडकीतून चर्चच्या दिशेने. ही तिथलीच का, असा तो प्रश्न होता. "तिथलीच, सकाळी सर्वांनी घेतली तीच," असे सांगितल्यावरच ते तोंड उघडत. वेगळी, खास त्यांच्यासाठी आणलेली भाकर त्यांना नको होती. तुमच्या मंडळीतही अशी माणसे असतील. पाळकांबरोबर त्यांच्या घरी एकदा जाऊन या.

राहिली सूनबाई. तिचा प्रश्न चांगल्या मनाचा आहे, त्याला तुटक उत्तर देऊ नका. प्रसाद देवळात येणाऱ्या कोणालाही मिळतो, आणि देण्यातला तो मोकळेपणा सुंदर आहे. प्रभुभोजन हे करारात आलेल्यांचे भोजन आहे आणि त्या करारात माणूस बाप्तिस्म्याने येतो. बाप्तिस्मा न झालेल्याने यातून खाऊ नये, हा नियम दिदाखेइतका जुना आहे. तो तिला कमी लेखण्यासाठी नाही, हे तुमच्या वागण्यातून तिला दिसले पाहिजे. तिने इतरांबरोबर पुढे यावे, हात जोडून गुडघे टेकावे, आणि पाळक तिच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देतील. बहुतेक पाळक हे आनंदाने करतात, फक्त आधी सांगून ठेवा. मेजाशी बसता यावे म्हणून घरातून कोणी तिच्यामागे बाप्तिस्म्याचा आग्रह धरू नये. ती स्वतः विचारू लागली तर तिला लूकचे शुभवर्तमान मराठीत वाचायला द्या आणि तिच्या शंका घेऊन दोघी मिळून पाळकांकडे या.